बिअरचं गरम पाणी

…आणि वास म्हणजे कसला वास, तुम्हाला सांगते, उशीच्या अभ्र्यात वास, केसांत वास, दूध तापवलं तर दुधालाही तोच, भिजलेल्या पोत्यात कुणी पाव भाजावा ना, तस्सा! आमच्या बरोब्बर खाली, तळमजल्यावर, एका तरुण जोडप्याने बिअरचा कारखाना काढलाय. कारखाना कसला, दोन खोल्या आणि चकचकीत मोठमोठी पिंपं! चांगला पगार सोडून हा बाबा बिअर शिजवतो, बायको बाटल्या भरते. आता मला काय करायचंय म्हणा! पण जिन्यातून जाता-येता दार उघडं असलं, की नजर जातेच ना माणसाची? मान थोडी आत जाते. मागोमाग आपणही जातो.

तर वासाची तक्रार केली आम्ही महापालिकेत. अख्ख्या इमारतीने केली, सह्या गोळा करायला पुढे मी. सही टाकली आणि विसरून गेले, कारण घरात सासूबाई. पडल्या तेव्हापासून कंबर धरलेली, पलंग सुटेना. डॉक्टर म्हणाले, गरम पाण्यात बसवा, भरपूर गरम पाण्यात. डॉक्टरांचं काय जातंय बोलायला! आमचा बंब एक बादली तापवतो आणि दमतो. मग मी आपली पातेल्यामागून पातेली गॅसवर चढवतेय, शेवटचं उकळेपर्यंत पहिलं गारढोण, आणि सासूबाई आतून, "अगं, अंघोळ घालत्येस की शिंपडत्येस?"

आणि एक दिवस काय बघते… मागच्या गटारातून वाफा! भसाभसा! म्हटलं, खालच्याने आग लावली की काय? धावत गेले, गटारात सोडलेल्या त्याच्या पाइपाखाली बोट धरलं… आई गं! कढत पाणी! आणि स्वच्छ! तशीच कारखान्यात घुसले. "काय रे, हे काय सोडतोयस?"

"काकू, बिअरचा रस्सा उकळून झाला ना, की लगेच थंड करावा लागतो, नाहीतर नासतो. म्हणून गार पाणी नळीतून फिरवायचं. रस्सा गार होतो, पाणी गरम होऊन बाहेर. बिअरला शिवतसुद्धा नाही ते."

"आणि मग?"

"मग काय, गटारात."

गटारात! म्हणजे मी वर गॅस जाळतेय आणि हा खाली गटाराला अंघोळ घालतोय! मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण त्याला आठवतं. आणि त्या पोराने काय करावं? तक्रारीवर माझी सही आहे हे ठाऊक असून संध्याकाळच्या आत आमच्या मोरीपर्यंत पाइप चढवला. वर विचारतो, "आजींना बसायला मोठं पिंप देऊ का? एक रिकामं आहे."

सासूबाई आधी म्हणाल्या, "दारूवाल्याचं पाणी माझ्या अंगाला नको." पाय बुडवला. मग दुसरा. गळ्यापर्यंत पाण्यात, डोळे मिटलेले. हाक मारली तर म्हणतात, "तू जा गं तुझ्या कामाला." अशा पाच-सहा अंघोळी झाल्या आणि एका सकाळी बाईंनी दोन्ही हात वर नेऊन स्वतःचा अंबाडा स्वतः घातला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी आपटली. रडलेलं त्यांना चालत नाही.

आणि नेमका तेव्हाच तक्रारीवाला साहेब दारात! "वास फार येतो म्हणे?"

खाली त्याच घटकेला पिंप उकळतंय, जिन्यात वाफ, साहेबांचा चष्मा पांढरा झालेला, आणि मी विचारते, "वास? कसला वास?"

"बाई, मला इथे श्वास घेता येत नाही."

"सर्दी असेल तुम्हाला. आल्याचा चहा टाकू?"

"पहिली सही तुमची आहे!"

खाली बिअरवाल्याची बायको कठडा धरून उभी, चेहरा उतरलेला. आणि मागून काठीचा आवाज. सासूबाई! पलंगावरून दारापर्यंत, स्वतःच्या पायांनी! "साहेब, ते बंद करायचं असेल तर खुशाल करा. मी रोज तुमच्या घरी अंघोळीला येईन. पत्ता सांगा." साहेबांनी चष्मा पुसला, धुराडं गच्चीच्या वर न्या म्हणाले, आणि गेले. धुराडं चढलं, वासही गेला. देव त्या पोराचं भलं करो, आणि त्या साहेबांचंही.

झालं ना सगळं छान? पण परवापासून पाणी बंद! खाली गेले तर हा डोक्याला हात लावून बसलेला. "काकू, सगळी पिंपं भरलीत. आहे ती बिअर खपल्याशिवाय नवी शिजवू कुठे?"

म्हणजे लोकांनी प्यायली तर सासूबाईंची अंघोळ! आता मला काय करायचंय म्हणा, लोकांनी प्यावी की न प्यावी! मी थेंबाला शिवलेले नाही. पण तेव्हापासून दारोदार फिरतेय हो! वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना म्हणते, "थकलेले दिसता, एखादी घेऊन बघा की." शिंप्याला म्हणते, "पाहुणे आलेत ना, नुसता चहा काय देता?" मास्तरांची बायको माझ्याशी बोलत नाही.

शेवटी म्हटलं, घरात हक्काचं गिऱ्हाईक आहे! आमचे हे. लग्न झाल्यापासून रविवारी एक बाटली, आणि लग्न झाल्यापासून त्यावरून माझं भांडण. काल स्वतः पेला धुतला, स्वतः ओतली, समोर ठेवली. "घ्या हो. दोन घ्या."

ह्यांनी पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पेला बाजूला सारला. "तू घे म्हणायला लागलीस ना, चवच गेली बघ तिची. आजपासून सोडली!"