एवेलिओची गाणी जागेवरच आहेत

पुरवणी जबाब

मी सेनाइदा क्रेस्पो मेदेरोस, वय ५८, धंदा शिवणकाम, राहणार रेल्वे फाटकामागची गल्ली, कबायग्वान, क्यूबा. काल याच ठाण्यात मी योस्बेल या मुलाविरुद्ध तक्रार दिली होती. त्यावरून त्याला इथे बसवून ठेवलं आहे. आज आपण होऊन हजर राहून सांगते की,

माझा थोरला भाऊ एवेलिओ माझ्याकडे राहतो. तो जत्रेत, चौकात उभ्या उभ्या कवनं रचून गायचा. समोरच्याने गाऊन डिवचायचं, याने गाऊनच उत्तर द्यायचं. गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनमध्ये त्याचा आवाज गेला. अशी कवनं कोणी लिहून ठेवत नाही. जी कोणी रेकॉर्ड केली तेवढीच उरली, आणि ती आमच्या हार्ड डिस्कवर आहेत. रोज जेवणानंतर तो ती ऐकतो आणि टेबलावर बोटांनी ठेका धरतो. एरवी तो घरात असून नसल्यासारखा असतो.

योस्बेल दर शनिवारी गल्लीत सिनेमे आणि मालिकांचा गठ्ठा पोहोचवतो. आपली डिस्क त्याच्याकडे द्यायची, तो भरून आणतो. गठ्ठ्यासाठी वेगळी डिस्क आमच्याकडे कोणाला परवडते? घरचे फोटो, लग्नं, गाणी, सगळं त्याच डिस्कवर असतं आणि तसंच घरोघर फिरून येतं. या वेळी डिस्क परत आली आणि भावाचं एकही गाणं उघडेना.

योस्बेल हा सिनेसिओचा मुलगा. सिनेसिओ आणि माझा भाऊ जन्मभर एकमेकांविरुद्ध गायले. शेवटच्या सामन्यात भावाने त्याच्या खेचरावर कवन रचून अख्खा चौक हसवला, तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद आहे. बापाचा सूड पोराने घेतला असं माझ्या डोक्यात बसलं. भावाने मला हाताला धरून अडवलं होतं. मी ऐकलं नाही.

आज सकाळी संगणक क्लबच्या मास्तरीणबाई दानिया घरी आल्या. त्यांना सिनेसिओने पाठवलं होतं, हे आधी कळलं असतं तर मी दार उघडलं नसतं. कॉम्प्युटर चालू करण्याआधी त्यांनी डॉक्टरसारखं विचारायला सुरुवात केली.

"काकू, काहीही चालू नसताना पंखा घरघरतो का? मशीन तापतं?"

"नाही."

"म्हणजे तुमचं मशीन चोरून स्वतःच्या कमाईला जुंपणारा व्हायरस हा नाही. जाहिराती आपोआप उघडतात?"

"आमच्याकडे इंटरनेट नाही. जाहिराती काय खिडकीतून येणार?"

"फाईलींच्या नावांना भलतंच शेपूट आलंय? पैसे मागणारी चिठ्ठी?"

"तसलं काही नाही गं बाई."

"बरं झालं. फाईलींना कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस असता तर मीही हात टेकले असते. मग होतं तरी काय?"

मी सांगितलं की प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात एक वाकडा बाण आला आहे. क्लिक केलं की काळी चौकट चमकून जाते, बाकी काही नाही. मी सगळ्या फोल्डरांवर पुन्हा पुन्हा क्लिक केलं होतं.

"वा. म्हणजे दर वेळी तुम्हीच त्या व्हायरसला आत या, बसा म्हणालात. आता सांगा, डिस्क किती भरलेली दिसते?"

"होती तेवढीच."

"गाणी पुसली असती तर जागा मोकळी झाली नसती का?"

म्हणजे गाणी जागेवरच होती.

त्यांनी सांगितलं की हा डिस्कवरून डिस्कवर पसरणारा व्हायरस आहे. तो खरी फोल्डरं लपवतो आणि त्यांच्या जागी खोटी ठेवतो. सिनेसिओच्या डिस्कवरही तेच बाण होते, त्याचीही गाणी दडली होती. त्यांनी आधी व्हायरस काढला, मग लपलेलं दिसतं केलं. सगळी गाणी आली. मला रडू आवरलं नाही.

पहिलं लागलं ते खेचराचं. तेवढ्यात दारात सिनेसिओ उभा दिसला. भावाने त्याला हाताने आत बोलावलं. सिनेसिओ बसला, कॉफी घेतली आणि म्हणाला, "आवाज चांगलाच होता लेकाचा."

माझी तक्रार गैरसमजातून होती. ती मी मागे घेते. योस्बेलला आत्ताच सोडावं. त्याने माझ्या भावाचं काहीही बिघडवलेलं नाही. त्याचा बाप आणि माझा भाऊ बाहेर एकाच बाकावर बसून आहेत. ~~खेचराच्या त्या सामन्यात सिनेसिओ जिंकला होता, असं सिनेसिओचं म्हणणं आहे.~~

हा जबाब अंमलदारांनी मोठ्याने वाचला. तो ऐकून भाऊ आत आला, त्याने टेबल ठोकलं आणि शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. सिनेसिओने दारातून हरकत घेतली नाही. म्हणून ते वाक्य माझ्यासमोर खोडलं. बाकी सगळं मी सांगितलं तसंच आहे.