पैलवान टाकीत आहे

देतो ना, नळ्या द्यायलाच तर बसलोय मी इथे — पण ताई, आधी बसा. टेम्पो थांबेल, त्यातल्या माशांच्या माद्याही थांबतील — काय? आज नराचं बीज नाही मिळालं तर सगळी अंडी वाया? अहो, अख्खा दिवस पडलाय अजून!

तुमचं दुखणं कळलंय मला. त्याच तळ्यातले भाऊ, त्याच तळ्यातल्या बहिणी, पिढ्यान्‌पिढ्या आपसातच संसार — मग मासे वीतभर व्हायच्या आतच थकणार, दुसरं काय होणार? म्हणून तर हे केंद्र काढलं. आमचा पैलवान बघायला हवा होता तुम्ही! नर असावा तर असा. पाण्यात नुसता वळला तरी काठावरच्याची पँट भिजायची. त्याचं — आता तुमच्यासमोर कसं बोलू — वीर्य, शास्त्रच आहे ते — नळ्यांत भरून या टाकीत गोठवलंय. खाली द्रव नायट्रोजन, बर्फाहून कितीतरी गार, वर झाकण. तुमची नातवंडं म्हातारी झाली तरी ते ताजंच. पैलवान? तो नाही आता. म्हणजे — मंत्र्यांच्या जेवणात वाढला. अहो, बीज सुरक्षित असताना म्हातारा मासा पोसायचा कशाला? मंत्रीसाहेबांनी दोनदा मागून घेतला!

टाकी मात्र सगळ्यांची लाडकी. झाकण काढलं की पांढरी वाफ अशी भसकन बाहेर — शाळेची पोरं बघून गेली, नवे साहेब, साहेबांचे व्याही — आमच्या मेहुण्याने तर लग्नाआधीचे फोटो इथेच काढले, वाफेत उभं राहून. रोज कुणी ना कुणी येतंच. नाही कसं म्हणायचं? हल्ली वाफ जरा कमी येते खरी — हवेमुळे असेल. नायट्रोजनवाला आला होता मध्यंतरी भरायला, मीच परत पाठवला. उद्घाटन होतं ना, त्याची नळकांडी फोटोत आली असती. कसलं उद्घाटन? याच टाकीचं. दुसऱ्यांदा.

चला, काढू नळ्या. सरका जरा मागे, चष्म्यावर धुकं बसतं — हं. येईल, येईल, कधीकधी वेळ लावते — अहो ताई! हात काय घालताय आत! बोटं काचेसारखी तुटून पडतील, काढा, काढा म्हणतो ना —

दुखत नाहीये?

गार तरी लागतंय?

कोमट.

झाकण लावून घेतो.

टेम्पो मागच्या दाराने काढा हं, ताई. पुढे पाहुण्यांच्या गाड्या लागायच्यात.