आमच्यात पंच नसतो

...नाही, पण मला एक सांगा, हरलो आम्ही, गुडघे फुटले आमचे, आणि घरी आल्यापासून जो तो मलाच विचारतोय, 'मग पंच काय झोपला होता का?' अहो, पंच नसतो! आमच्या खेळात पंच नसतोच! किती वेळा सांगू? शेजारच्या काकांना सांगून झालं, तर ते म्हणतात, 'नसतो म्हणजे? त्या दिवशी आला नव्हता का?' आला नव्हता नाही हो काका, तो कधीच येत नाही, त्याला कुणी बोलावतच नाही, नियमातच नाही तो! काकांनी मान हलवली आणि म्हणाले, 'तरीच हरलात.'

आता तुम्ही बसलाच आहात तर पहिल्यापासून सांगतो. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि अल्टिमेट फ्रिस्बी खेळतो. हं, हसा. सगळेच हसतात. 'म्हणजे ती कुत्र्याला टाकतात ती?' हो, तीच. फक्त आमच्यात कुत्रा नसतो, आम्हीच धावतो. आणि आमची आत्या! आत्या म्हणते, 'मग सरळ थाळीफेक म्हण की, उगाच इंग्रजी कशाला!' थाळीफेक नाही गं आत्या! थाळीफेकीत माणूस एकटा गरगर फिरतो, थाळी फेकतो आणि घरी जातो, ती पलीकडे कुणी झेलत नाही! पण ऐकेल तर ती आत्या कसली? सगळ्या नात्यात सांगून बसली, 'आमचा भाचा थाळीफेकीत आहे हो.' लोक आधी कौतुकाने बघतात, मग माझे दंड बघतात, आणि विषय बदलतात.

आत्याचं सोडा, ती घरची. पण जिमखान्याचे सर? आमच्या फ्रिस्बीला डिस्क म्हणतात, म्हणून आम्ही अर्ज दिला, 'दोन नवीन डिस्क मिळाव्यात ही विनंती.' तीन महिने हेलपाटे घातले, तेव्हा खोकं आलं. उघडतोय, उघडतोय, तर आत दोन थाळ्या... खऱ्या! थाळीफेकीच्या! दोन-दोन किलोची एकेक! म्हटलं, सर, ही झेलायची कशी? तर सर चष्म्यातून वर बघत म्हणतात, 'अर्जात डिस्क लिहिलंय, डिस्कस आल्यात. एक अक्षर जास्तच दिलंय तुम्हाला. सही करा.' केली सही. काय करणार? त्यातली एक अजून आमच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावतो.

तर खेळ असा. सात इकडे, सात तिकडे, मुलं-मुली एकत्र. डिस्क हातात आली की धावायचं नाही, एक पाय रोवून उभं राहायचं. समोरचा आपल्या तोंडाशी येऊन एक ते दहा मोजतो, त्या दहाच्या आत ती दुसऱ्याला टाकायची. अशी टाकत-टाकत पलीकडच्या टोकाच्या चौकोनात आपल्या माणसाने झेलली की पॉइंट. खाली पडली, रेघेबाहेर गेली, की ती समोरच्यांची. संपला खेळ. आता मला सांगा, धक्का लागला, रेघेवर पाय पडला, तर ते सांगायचं कुणी? ज्याचं त्याने! का? पंच नसतो!

तुम्ही एकदा याच आणि बघा आमची भांडणं. दोघं धापा टाकतायत, घामाने निथळतायत, आणि बोलतायत कसे? 'मला वाटतं, तुझा हात माझ्या हाताला लागला.' 'मला नाही तसं वाटत.' 'अच्छा. पण मला वाटतं.' 'बरं. मग डिस्क मागे नेऊन परत टाकू या?' 'टाकू या.' अहो, स्थळ बघायला गेलेली माणसंसुद्धा इतकी जपून बोलत नाहीत! मनात काय चाललेलं असतं ते मात्र विचारू नका.

आणि असला खेळ मी कुणाच्या घरात जन्म घेऊन खेळावा? तर पंचाच्या! म्हणजे बाबा तसे वजनमापे खात्यात आहेत, आठवडाभर दुकानदारांचे तराजू तपासतात, पण रविवारी क्रिकेटचे पंच. बावीस वर्षं! पांढरा कोट, टोपी, खिशात चेंडू मोजायला सहा खडे. ते खडे कोटातून धुवायला जातात, मग आईचं सुरू होतं, 'बाहेर बावीस जणांचे निकाल लावतात, घरात खिसे रिकामे करायचा निकाल काही लागत नाही!' एकदा बाबांनी एलबीडब्ल्यू दिला म्हणून कुणीतरी त्यांच्या स्कूटरची हवा सोडली. दोन्ही चाकांची! बाबांचं मत असं की एक चाक एका संघाने सोडलं असणार आणि दुसरं दुसऱ्याने, म्हणजे निर्णय अगदी निःपक्षपाती होता. पाच किलोमीटर स्कूटर ढकलत आले. पण 'माझं चुकलं' म्हणाले का? नाव नको.

तर अशा माणसाला मी पहिल्या वर्षी जेवताना सांगितलं, 'बाबा, आमच्यात पंच नसतो.' बाबांचा घास हातातच राहिला. 'पंच नाही? मग आत-बाहेर कोण ठरवतं?' म्हटलं, 'आम्हीच.' बाबा म्हणाले, 'म्हणजे चोरांनीच पंचनामा करायचा!' झालं. त्या दिवसापासून त्यांच्या लेखी तो खेळच नाही. तीन वर्षं एक मॅच बघायला आले नाहीत.

आणि खरं सांगू? नाही आले तेच बरं होतं. कारण मी खेळायचो कुठे? टीममध्ये माझं नावच 'राखीव' पडलं होतं. रोज सकाळी सहाला मैदानावर जातोय, पळतोय, पडतोय, झेलतोय... म्हणजे झेलायला जातोय. तीन वर्षांत माझे पॉइंट किती? शून्य. अख्ख्या टीममध्ये एकही पॉइंट नसलेला असा मी एकटा. जी मुलगी तीन महिन्यांपूर्वी आली, 'डिस्क कुठून धरायची असते?' असं मलाच विचारत आली, तिचे सात! तुम्हाला सांगतो, मला काही फार नको होतं हो. एक. फक्त एक पॉइंट. कॉलेज संपायच्या आत.

आणि आली फायनल. जिंकलो तर राष्ट्रीय स्पर्धा, हरलो तर घरी. आमचं, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या पोरांचं, तर हरलो की कायमचंच घरी. आणि नेमके त्याच दिवशी बाबा आले! आईने पाठवलं. 'बघून तर या, तीन वर्षं पोरगा काय फेकतोय ते.' आले ते आले, सगळ्या आईबापांबरोबर खुर्चीत बसावं की नाही? छे! मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला गेले आणि कडेच्या फक्कीच्या रेघेच्या बरोब्बर सरळ रेषेत जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे, कमरेत जरासे वाकून. बावीस वर्षांची सवय. रेघ दिसली की माणूस जागा घेतो!

आमची कॅप्टन, तिला आम्ही हेडबाई म्हणतो, तोंडावर नाही म्हणत. बारा-बारा झाले, वेळ संपली, म्हणजे आता पुढचा पॉइंट घेईल तो जिंकला. आणि आमच्या एकाच्या पोटरीत गोळा आला! हेडबाईने बाकाकडे बघितलं. बाकावर पाच बाटल्या, एक टॉवेल आणि मी. म्हणाली, 'राखीव, चल.' म्हटलं, 'मी?' म्हणाली, 'टॉवेल येईल का?' गेलो. जाताना कानात सांगते, 'तू नुसता लांब पळ, समोरच्याला ओढून ने. घाबरू नकोस, तुझ्याकडे टाकणार नाही कुणी.' किती धीर देते बघा माणसाला!

पळालो. जीव खाऊन पळालो, पार शेवटच्या चौकोनात, कोपऱ्यापाशी. माझ्यावर त्यांचा सगळ्यात उंच मुलगा, शिडी. आणि इकडे डिस्क कुणाकडे? हेडबाईकडेच. समोरची मोजतेय, सहा... सात... आठ... कुणीच मोकळं नाही, नऊ म्हटलं आणि हेडबाईने डोळ्यांसमोर जो दिसला त्याच्याकडे टाकली. दिसलो मी! ती डिस्क तरंगत, तरंगत येतेय, शिडी उडी मारतोय, मी उडी मारतोय, आणि तुम्हाला म्हणून सांगतो, कुठे बोलू नका, मी डोळे मिटले.

उघडले तर डिस्क माझ्या हातात! माझ्या! दोन्ही हातात! तिकडून टीम किंचाळत धावत आली, सात पॉइंटवाली माझ्या गळ्यात पडायला आली... आणि शिडी उठून बसला आणि शांतपणे म्हणाला, 'आत की बाहेर?'

झालं! सगळे जागच्या जागी थांबले. नियम काय? झेलल्यावर पहिला पाय पडतो तो रेघेच्या आत पडला पाहिजे. रेघेला लागला तरी बाहेर. हेडबाईने शिडीला विचारलं, 'तू बघितलंस?' शिडी म्हणाला, 'मी हवेत होतो. तोच सांगेल.' आणि चौदा जण... म्हणजे मी सोडून तेरा जण... माझ्याकडे बघायला लागले. दुसऱ्या कुठल्याही खेळात काय झालं असतं? शिटी वाजली असती, पंचाने हात केला असता, आपण त्याला चार शिव्या घातल्या असत्या, मोकळे! पण इथे? पंच नसतो हो! शिव्या घालायच्या तरी कुणाला?

मी खाली बघितलं. रेघेच्या आत चार बोटांवर माझा पाय. पण तेव्हा मी उठून उभा होतो, तो पाय नंतरचा. आणि बुटाच्या टोकावर फक्की. पांढरीशुभ्र. मनात म्हटलं, बोल ना गाढवा, 'आत' म्हण, दोन अक्षरी शब्द आहे! कुणी बघितलेलं नाही! राष्ट्रीय स्पर्धा आहे, एक पॉइंट आहे, तिकडे कोपऱ्यात बाप उभा आहे! हेडबाई म्हणाली, 'काय असेल ते खरं सांग.' आणि माझ्या तोंडून शब्द गेला... 'बाहेर.'

डिस्क त्यांची. खेळ चालू. मी आपला अजून बुटाकडेच बघतोय, आणि मी ज्याला अडवायचं तो शिडी सुसाट सुटून पार पलीकडे पोचला. त्यांनी एक लांबच्या लांब टाकली आणि त्याने झेलली. डोळे उघडे ठेवून! संपलं. तेरा-बारा.

आणि मग आमच्यात रीत अशी की दोन्ही टीमनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गोल उभं राहायचं आणि चांगलं-चांगलं बोलायचं. म्हणजे रडायचीसुद्धा सोय नाही. शिडी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, 'आज ह्याने जे केलं त्याला मी मानलं.' टाळ्या! अरे, मान कसला, पॉइंट दे की! हेडबाई नंतर बॅग भरताना एवढंच म्हणाली, 'बरोबर केलंस,' आणि वळून डोळे पुसले. वाईट वाटलं हो मला. फार वाईट वाटलं.

स्टँडवर बाबा स्कूटरचं चाक दाबून बघत होते. म्हटलं, 'चला.' बाबा म्हणाले, 'बूट बघू.' दाखवला. 'ही फक्की पॉइंट सुरू व्हायच्या आधीची आहे. बाकावरून उठलास आणि रेघेत पाय घासत मैदानात आलास. मी बघितलं.' म्हटलं, 'मग झेलली तेव्हा?' बाबा म्हणाले, 'आत होता. स्वच्छ आत. हे एवढं अंतर होतं.' आणि वीतभर हात करून दाखवला!

वीतभर! 'बाबा! तुम्ही तिथे उभे होतात! समोर! बोलला का नाहीत?'

बाबा म्हणाले, 'अपील कुठे झालं?'

'काय?'

'अपील झाल्याशिवाय पंच निर्णय देत नाही, नियम आहे. चौदा जण तिथे उभे होते, एकाने तरी मान वळवून मला विचारलं?'

बाबांनी किल्ली लावली, मग काढली. म्हणाले, 'पण एक आहे. पोरगं तीन वर्षं त्या एका पॉइंटसाठी मरत होतं हे तुझ्या आईने मला सांगितलंय. आणि तरी बाहेर वाटला म्हणून बाहेर दिलास. आख्खं मैदान तोंडाकडे बघत असताना. निर्णय साफ चुकीचा होता, पण दिलास ठाम.' असं बाबा मला आयुष्यात कधी बोलले नव्हते हो. आता म्हणतील, चल, तुला काहीतरी खायला घालतो...

तर म्हणाले, 'येत्या रविवारी स्क्वेअर लेगला एक पंच कमी आहे.'

आणि माझ्याकडे बघत राहिले, उत्तराची वाट बघत. रीतसर अपील झालं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?... कोट लांब होतोय मला. आई खालून दुमडतेय.