बसायचं न्हाय, शेवंते

धर्माजी : दोनदा गाय जमिनीवर लोळवलीत की तुमी. तरी पीळ सुटला न्हाय म्हंजे आता कापायचंच?

डॉ. प्रज्ञा : कापायचंच, काका. गर्भपिशवीला पीळ बसलाय, वासरू आत अडकलंय. डावी कूस बधिर केली आहे, तिला दुखणार नाही. पण ती उभी राहायला हवी. पोट उघडं असताना बसली, तर आतडी बाहेर येतील. मग माझ्या हातात काही नाही. मावशी, तुम्ही तिच्या तोंडाशी थांबा. बोलत राहा तिच्याशी.

आवडाबाई : व्हय, व्हय. माझी राणी गं ती. माझी सोन्याची शेवंती. घाबरू नको हां, लेकरा…

डॉ. प्रज्ञा : अहो, थरथरतेय ही! मागचे पाय वाकवतेय. काय झालं?

धर्माजी : काय व्हनार? घाबरली. जल्मात हिनं तिला राणी म्हटलं न्हाय. जनावराला वाटलं, आज आपलं काय खरं न्हाय.

डॉ. प्रज्ञा : मग रोज कशा बोलता तिच्याशी?

आवडाबाई : लाज वाटते सांगायला.

धर्माजी : शिव्या देते, बाई. उजाडल्यापासून. शेवंती झाली नि तिची आय बसली, ती उठलीच न्हाय. हिनंच बाटलीनं दूध पाजून वाढवली. घोटाला एक शिवी.

डॉ. प्रज्ञा : मग शिव्याच द्या. मी सुरू करतेय.

आवडाबाई : आत्ता? अडलेल्या जिवाला?

डॉ. प्रज्ञा : द्या हो मावशी!

आवडाबाई : ए भवाने! पाय काय वाकवतेस, पालखीत बसायचंय? वालाचा वेल खाल्लास, फुलासकट खाल्लास. शेजारच्या गोदूबाईचं लुगडं चघळलंस, पदर तेवडा ठेवलास. होमस्टेच्या पाहुन्यांची चादर वडलीस, नि वर माझ्याकडंच बघत रवंथ! खादाडे, कुनाच्या घरची गं तू?

धर्माजी : कान फिरवला बघा. ऱ्हायली उभी.

डॉ. प्रज्ञा : छान. काका, कोपरापर्यंत हात धुतलेत ना? ही पिशवी धरा. दोन्ही हातांनी. सोडायची नाही. मावशी, थांबू नका.

आवडाबाई : सुपारीचं रोप लावलं, त्याचा शेंडा तुझ्या पोटात. पडवीत पापड सुकवले, त्यात तुझा पाय! तुला काय म्हनून पोसली गं मी?

डॉ. प्रज्ञा : पाय सापडले. येतंय… आलं, आलं.

(डॉ. प्रज्ञा वासरू पेंढ्यावर ठेवतात.)

धर्माजी : बाई, ह्ये हालत न्हाय.

डॉ. प्रज्ञा : थांबा, बघू द्या… नाही, काका. गेलंय. आतच गेलं होतं.

आवडाबाई : काय म्हनालात? …कालवड व्हती का ती?

डॉ. प्रज्ञा : कालवड होती. मावशी, गप्प होऊ नका! बघा, परत गुडघे वाकतायत तिचे. मला अजून शिवायचंय.

आवडाबाई : तोंडातनं शब्द फुटत न्हाय वो.

धर्माजी : आवडे, माझे हात गुंतलेत. तुलाच केलं पायजे.

आवडाबाई : शेवंते… बसायचं न्हाय. ऐकतेस का, मेले? तुझी आय बसली ती बसलीच. तुला न्हाय बसू देनार मी. मान टाक माझ्या खांद्यावर, टाक सगळा भार, पन पाय ताठ ठेव. रडायचं तर उभ्यानं रड. मी पन उभीच हाय. आळशे, कामचुकारे… उभी ऱ्हा गं. माझ्यासाठी ऱ्हा.

डॉ. प्रज्ञा : शेवटचा टाका… झालं. सोडा हात, काका. मावशी, उभी राहिली हो ती. आता धोका टळला असं समजा.

धर्माजी : मी ह्ये गोनपाटात गुंडाळतो नि वाडीमागं न्हेतो. तिनं बघायच्या आत.

आवडाबाई : थांबा वो. येवडे म्हयने पोटात वागवलं तिनं. तिला दाखवल्याबिगर कुठं न्हेताय? आना हितं, तोंडाशी ठेवा.

धर्माजी : आवडे, चाटाया लागली गं.

डॉ. प्रज्ञा : मावशी, थोड्या वेळानं न्यावं लागेल हं.

आवडाबाई : व्हय, न्हेऊ. चाट गं, चाट तू. कुनाला घाई न्हाय.