सोमवारी आवाज आला तर

नाही नाही, उठू नका, बसा तुम्ही – डिश मी इथेच ठेवते, तुमच्या त्या बर्फाला भोकं पाडायच्या गिरमिटाच्या बाजूला, चालेल ना? रिकामी नाही आणली, लिंबाच्या वड्या आहेत. कडेच्या जरा करपल्यात, त्या तळ्यातल्या माशांना घाला. तुमचं ते खिमा-बटाट्याचं हॉटडिश तीन दिवस पुरलं मला, डबा भरून कामावरही नेलं, खरंच. तर काय म्हणत होते मी – हां, सोमवार. सोमवारी दुपारी माझ्या बाजूने काही आवाज आला, म्हणजे मोठा आवाज, मिस्टर हॉगलँड, तर दचकू नका आणि मुख्य म्हणजे बघायला येऊ नका. एवढंच सांगायला आले होते. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत आपली, न सांगता करणं बरं दिसत नाही.

कसला म्हणजे – बंदुकीचा.

माझी नाही हो, ट्रॉयची. ट्रॉय, माझा भाऊ, बेमिजीहून हरणांच्या शिकारीच्या सीझनला आला होता ना, लाल ट्रकवाला, तो. जाताना ठेवून गेला. कॉफी नको, नको, खरंच नको मला, तुमचं काम चालू द्या – अर्धाच कप, बरं. सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं हिचं डोकं फिरलंय. माझ्या घरात कोणीतरी येतं. मी नसताना. रोज दुपारी. चोरी नाही, काही नाही, डब्यातली नाणीसुद्धा जागच्या जागी. शेरीफच्या ऑफिसात फोन केला तर तिकडचा माणूस हसायला लागला – म्हणे कुलूप उघडून घरात शिरतो, कुत्रं फिरवून आणतो आणि परत कोंडून जातो? बाई, असा चोर सापडला तर आमच्याकडे पाठवा, माझ्या दोन लॅब्राडॉरना लागतोय. मीही हसले. फोन ठेवला आणि मग उठून दाराची कडी दोनदा बघून आले.

नाही, चूक नाही होत माझी. ऐका. मेबलला मी क्रेटमध्ये ठेवून जाते – क्रेट म्हणते, पिंजरा नाही, कुत्र्यांना शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, पिंजरा म्हणालात की तुमच्याच मनाला खात राहील, कुत्र्याला ती गुहा असते, तिथे त्याला बरं वाटतं. आणि शिकली ती, नाही असं नाही, आपणहून जाऊन बसते. आता दिवस लांब होतो माझा, ते खरंय. लॅबमधली पाळी दहा तासांची, डुलुथला जायला-यायला दोन तास, बर्फ असला की अडीच, आणि कोणी आजारी पडलं की मलाच थांबवतात, कारण मला नाही म्हणता येत नाही. बारा होतात. तेरा होतात कधी. आणि तेरा तास कोंडलेलं कुत्रं दार उघडल्यावर कसं बाहेर येतं, तुम्हाला कल्पना नसेल – मी कोटसुद्धा काढायचे नाही, तिला घेऊन पायऱ्या उतरायचे नाहीतर कार्पेटवरच व्हायचं सगळं. आणि आता? दार उघडते, ती डोळे उघडते, आळस देते. पाठ ताणते. सावकाश येते बाहेर. बागेत गेली तरी इकडेतिकडे हुंगते, मला बरं वाटावं म्हणून थेंबभर करते आणि परत. तेरा तासांनी, मिस्टर हॉगलँड. लॅबमध्ये आम्ही दिवसभर नमुन्यांच्या बाटल्याच मोजतो, मला कळतं की हे बसत नाही.

आणि पट्टा. पट्टा मी काढूनच तिला आत घालते, तारेत अडकून फास बसतो, झालंय असं, वाचलंय मी, रात्री झोप येत नाही तेव्हा मी नको तेच वाचत बसते. तर पट्टा दाराजवळच्या खिळ्यावर. बक्कल मी तिसऱ्या भोकात लावते, नेहमी तिसऱ्या. संध्याकाळी येऊन बघते तर चौथ्यात. एक भोक सैल. म्हणजे कुणाला तरी वाटलं की मी घट्ट बांधते. मी परत तिसऱ्यात लावलं. दुसऱ्या दिवशी परत चौथ्यात. असं आमचं आठवडाभर चाललं, तो आणि मी, एक अक्षर न बोलता.

पण सगळ्यात – हे तर मी ट्रॉयलाही नाही सांगितलं. मंगळवारी तिला बागेतून आणली, बर्फातून, आणि ती दारातच थांबली. पुढचा उजवा पाय उचलला. मी बघतेय. मग खाली ठेवला, डावा उचलला. मग मागचा एक, मग दुसरा. एकेक, शहाण्यासारखे. आणि वर बघत राहिली माझ्याकडे. मी नाही शिकवलं हे. मी पाय पुसत नाही तिचे, मला कुठे वेळ असतो, दारात जुना टॉवेल टाकते आणि झालं. मला कळायला बराच वेळ लागला. कोणीतरी तिला बर्फातून फिरवून आणतं आणि आत घालायच्या आधी चारही पाय पुसतं. कार्पेटवर ठिपका राहू नये म्हणून. मी तिथेच, दारात, खाली बसले.

पावलं? पावलं कुठून राहणार, तुम्हीच नाही का दुपारी दोन्ही दारांपुढचा बर्फ काढता – तक्रार नाही हो, उपकारच आहेत तुमचे, मी आपलं सांगितलं. कुलूप बदलायला घरमालक तयार आहे, पण हरणांचा सीझन उरकला की म्हणतो, सीझनमध्ये इथे कोण हातोडी धरतं. तुम्हाला विचारायचंच होतं – माझ्याआधी इथे राहायचे त्यांनी कुणाकडे किल्ली ठेवली होती का? झाडांना पाणी घालायला वगैरे? – नाही आठवत. असू दे. एवढं कोण लक्षात ठेवतं. सांडली, अहो कॉफी सांडली तुमची, राहू द्या, मी पुसते. हात गारठलेत तुमचे, हीटर लावत जा इथे, या वयात गॅरेजमध्ये असं बसू नये.

ट्रॉय म्हणाला कॅमेरा लाव. कॅमेरा लावून काय होणार? कोण आलं होतं ते दिसणार. मला कोण आलं होतं ते बघायचंच नाहीये, मला त्याने यायला नकोय. तर असं ठरवलंय – सोमवारी सुट्टी टाकलीय. सकाळी सहाला गाडी काढायची, रोजच्यासारखी, दुकानामागे लावायची, आणि गल्लीने चालत परत. क्रेटच्या समोर कोटांचं कपाट आहे, त्यात बसायचं. दार बोटभर उघडं. ट्रॉय म्हणाला, विचारत बसू नकोस कोण आहे म्हणून, तू विचारेपर्यंत तो तुझ्यापाशी पोचलेला असेल. शिकवलं त्याने मला, खडीच्या खाणीत नेऊन. आठ डबे मांडले होते, एकही नाही पडला. मग माझ्या पाठीमागे ट्रकचं दार आपटलं त्याने, मुद्दाम नाही, आणि मी दचकून वळले आणि सुटली गोळी. त्याच्या बुटापासून वीतभर. तो म्हणाला, वा, दचकल्यावर बरी मारतेस. – तुम्ही हसत नाही आहात. मीही नव्हते हसले. दचकते हो मी, लहानपणापासून दचकते, टोस्टरमधून पाव उडाला तरी दचकते. आणि कपाटात बसल्यावर किल्ली फिरल्याचा आवाज आला तर मी काय करीन ते मला माहीत नाही. म्हणून तर सांगतेय.

कशासाठी एवढं, असंच ना? कुत्रं फिरवतो बिचारा. ट्रॉयची बायकोही म्हणाली, पैसे दे त्याला. तुम्हाला सांगू का – मेबल जुलैमध्ये आली, तेव्हा कुत्र्यांच्या निवाऱ्यात फॉर्म भरायचा होता. दुपारी घरी कोणी असेल का. मी लिहिलं, हो. लिहितानाच ठाऊक होतं की कोणी नसणार. पण नाही असं लिहिलं असतं तर दिली नसती त्यांनी, आणि मला घरात कोणीतरी हवं होतं, परत आल्यावर. एवढंच हवं होतं, मी आले की कुणाला तरी आनंद व्हावा. वेडी व्हायची ती सुरुवातीला, सगळं अंग हलवायची. आता बघते, शेपटी दोनदा आपटते, झालं. तिचा दिवस आधीच झालेला असतो. तो फॉर्म आता खरा ठरला म्हणा. – तो येतो म्हणून नाही भीती वाटत मला, मिस्टर हॉगलँड. वाटते, पण ती वेगळी. तो रोज येऊन बघतो की मी काय केलंय. कुणाला तरी माहितीये की मी तिला तेरा तास – असू दे. वड्या खा ना. एक तरी.

रडायची? हो, उन्हाळ्यात रडायची थोडी, मी ब्लँकेट टाकत होते क्रेटवर. तुम्ही नाही का म्हणालात एकदा, कुंपणापाशी, सप्टेंबरमध्ये – तुमच्या कुत्रीला बरंच काही सांगायचं असतं, म्हणालात. मला किती बरं वाटलं, म्हटलं चला, कौतुक करतंय कोणीतरी. आणि त्यानंतर गप्पच झाली ती. मी शिकवणाऱ्या बाईंना सांगितलं, आठवड्यात शिकली म्हणून.

आठवड्यात.

– काय म्हणत होते मी. हां, मेबल गाडीतच आहे, नखं कापायला न्यायचीय. आणते थांबा, दोनच मिनिटं, एवढे महिने भिंतीला भिंत लावून आहात आणि ओळख नाही म्हणजे कमाल आहे.

हं. आलो आम्ही. दार लोटून घेते, वारा येतोय. तुम्ही बसूनच राहा हं, आणि हात पुढे करू नका, पुरुषांना फार घाबरते ही, कोणीतरी मारायचं हिला आधी. ट्रॉयला बघून जागच्या जागी मुतली होती. माझ्या पायामागेच उभी राहील, बघा आता, वाईट वाटून घेऊ नका – मेबल. मेबल, इकडे. थांब. मेबल –

तिने पाय उचललाय.

दुसरा.

तो फडका तुमच्या हातात कधी आला, मिस्टर हॉगलँड?

नाही. काही बोलू नका. मीही काही बोलले नाही. नव्हेंबरभर बोलला नाहीत, सप्टेंबरपासून बोलला नाहीत, समोर बसून अर्धा तास ऐकलंत सगळं, कपाट ऐकलंत, बूट ऐकलात, आणि कॉफी ओतलीत मला. मी तरी काय, वड्या घेऊन आले. आपल्याकडे बोलतं कोण. पुसा, मागचे दोन राहिलेत, ती तोवर हलणार नाही. मला हे आता कळलंय.

झालं? चल मेबल. – चल. – मेबल, घरी. – ओढायला नको वाटतं हो मला, तुमच्यासमोर. तुम्ही सांगा तिला. नाही, खरंच सांगा, काय म्हणता तुम्ही तिला रोज, परत आत घालताना, ते सांगा. तुमचं ऐकेल ती.

हं.

ऐकलं तिने.

डिशची घाई नाही. दार राहू द्या, मी ओढून घेते. सुट्टी मी टाकलीच आहे, आता कशी रद्द करणार. आणि सोमवारी थंडी फार पडणार म्हणतात, शून्याच्या खाली वीस. घरातच बसा तुम्ही, मिस्टर हॉगलँड.