वड्या चिलटांच्या, डासांच्या नव्हेत

आजच्या सभेचे अध्यक्ष, आमचे गावप्रमुख म्फांडे. व्यासपीठावर बसलेले पाद्रीसाहेब. जिच्यासाठी आपण या मासेबाजाराच्या छपराखाली दाटीवाटीनं जमलो ती आपली फायनेस सिस्टर. आणि आयाबहिणींनो, जाळी टाकून आलेल्या भावांनो, सर्वांना माझा नमस्कार. प्रमुखांनी थोडक्यात आटप म्हणून बजावलंय. बघते, जमतंय का.

सिस्टरची कारोंग्याला बदली झाली. दवाखान्यातलं तिचं काम बाकीचे सांगतील. मी आपली घरातलं सांगते.

माझी सून तावोंगा डोंगराकडची, म्झिंबाची. पहिलं बाळ तिकडेच मलेरियानं गेलं. पुन्हा दिवस गेले, तेव्हा मुलगा तिला इथे काठावर घेऊन आला. आणि त्याच आठवड्यात सरोवरावर धूर उठावा तसा चिलटांचा ढग उठला. ढग आला की आपल्यात घरात कोण बसतं? मीही तेल फासलेलं पातेलं घेऊन धावले. चिलटं गोळा केली, वड्या थापल्या, भाजल्या आणि पोटुशी सून म्हणून पहिली वडी मोठ्या कौतुकानं तिच्यापुढे ठेवली.

तिनं वडी निरखून बघितली. म्हणाली, "आई, हे डास आहेत. माझं एक लेकरू डासांनी नेलं. आता मी डास खाऊ?"

झालं. बोचकं बांधून उंबऱ्यात बसली. सकाळच्या बसनं माहेरी जाते म्हणे. मुलानं समजावलं, शेजारणींनी समजावलं, मी तर हात जोडले. ती गेली असती तर परत आली नसती, हे मला दिसत होतं.

सिस्टर आली. आधी आम्हालाच गप्प केलं. मग एका पेल्याखाली ढगातलं चिलट धरलं, दुसऱ्याखाली माझ्या माठामागचा डास, आणि दोन्ही काचेचे पेले तावोंगाच्या हातात दिले. चिलटाला सोंडच नाही, मग ते चावणार कशानं, असं तिनं दाखवलं. डासाची सोंड सुईसारखी, आणि मलेरियाचा हा डास बूड वर करून बसतो.

तावोंगा त्या दुसऱ्या पेल्याकडे बघत राहिली.

"माझं बाळ यानं नेलं?"

"हो. यानंच," सिस्टर म्हणाली.

ती पोटभर रडली. मग उठली आणि थेट अंगणात गेली. दवाखान्यातून मिळालेली मच्छरदाणी मी मासळी वाळवायला पसरली होती. हसू नका पाद्रीसाहेब, तुमच्याही अंगणात होती! तिनं ती ओढली, धुतली आणि खाटेवर बांधली. बोचकं तिनं स्वतःच सोडलं. वडी मात्र बऱ्याच दिवसांनी खाल्ली, तीही मीठ कमी आहे असं मला ऐकवून.

आता ती घरोघरी जाऊन माठामागे डोकावते. कुणाला राग येतो, येऊ दे. सिस्टर, तू गेल्यावर कसं होणार ही धास्ती आम्हाला आहेच; पण बघायचं कसं, ते तू शिकवून चाललीस.

सर्वांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि प्रमुख, हार घालायची घाई नको. सिस्टरच्या मांडीवर झोपलीय ना, ती तावोंगाची लेक. तिला जरा झोपू द्या.