पंखा फिरत होता तेवढा वेळ

वैमानिकांच्या परवान्याच्या कार्यालयात मुलाची वाट पाहत बसलेल्या शिक्षिकाबाईंच्या कानावर मागच्या बाकावरचं बोलणं पडत होतं. एक वडील आणि त्यांची वैमानिक मुलगी नुकतेच खिडकीवरून परतले होते.

"मी मागे उभा होतो, नीट ऐकू आलं नाही. तिकडचे उड्डाणाचे तास धरले ना साहेबांनी?"

"धरले बाबा. एक तास तेवढा कापला."

"का म्हणून? परदेशातलं आकाश काय निराळं असतं?"

"तिकडे हेलिकॉप्टरचा पंखा फिरायला लागला की वेळ मोजतात. इथे जमीन सोडल्यापासून."

"मग जमिनीवर पंखा फिरवत कशाला बसायचं एवढं?"

"साहेबांनीही हेच विचारलं."

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? तुम्ही तिकडे आला होतात तो आठवडाभर मी पंखा सुरू करून तुमची वाट पाहायची आणि तुमचं रोज तेच. आज टोपी विसरली, उद्या तहान लागली, परवा बुटाची नाडी सुटली. शेवटी मी एकटीच उडायची."

"नाडी खरंच सुटली होती हं!"

"तुमच्या बुटांना नाडीच नाही, बाबा."

बाईंनी घाईघाईने तोंडाला रुमाल लावला.

"हे आईला बोलली नाहीस ना?"

"छे! तुम्ही वरून समुद्र पाहिलात असंच ती सगळ्यांना सांगत सुटलीय."

"मग आता कसं?"

"तो तास भरून काढायचा. उद्या सकाळी उडतेय. शेजारची सीट रिकामी आहे."



"असं कर, आधी मला बसव, पट्टा आवळ, मगच पंखा सुरू कर."

"बरं."

"आणि मी थांब म्हणालो, तरी थांबू नकोस."